अंगणवाडीचं ताट: आठ रुपयांत शिजवायचं कसं आणि मुलांच्या पोटात घालायचं कसं

ताई, तुमच्या बचत गटाला गावातल्या दोन अंगणवाड्यांच्या गरम ताज्या आहाराचा आदेश मिळाला आहे. दोन्हींचा मिळून पट ४२, दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. एवढ्यात बसवायचं कसं, मुलं अर्धं ताट तसंच ठेवतात त्याचं काय करायचं, आणि बिलं तीन-तीन महिने निघत नाहीत हे खरं का, असं तुम्ही विचारलं आहे. मी २६ वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, त्यातली बरीचशी नागली-वरई पिकणाऱ्या आदिवासी पट्ट्यात गेली. सगळ्याचं उत्तर देते, पण आधी तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ घेते. एका मुलीचा दंडघेर ११.२ भरला आणि ती घास गालात धरून बसते, असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे.

ते जाता जाता लिहिण्यासारखं नाही. दंडाची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेली की ते मूल अतितीव्र कुपोषित, म्हणजे आपण ज्याला सॅम म्हणतो ते. त्यातलं ज्याला भूक लागते, त्याला गावातच ग्राम बाल विकास केंद्रात वाढवता येतं. जे खातच नाही, त्याला दवाखाना लागतो. तिच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. खड्डा तसाच राहिला तर सूज आहे, मग एक दिवसही थांबू नका. सूज नसली तरी उद्या सेविकेला बरोबर घेऊन तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतील. तिची आई म्हणेल की रोज बुडेल. तिला सांगा की त्या केंद्रात राहिल्याच्या दिवसांची बुडीत मजुरी मिळते, आणि तिच्या धाकट्या लेकरांना तेवढे दिवस कोण बघणार ते तुम्ही गटातल्या बायका आधीच ठरवून टाका. मी पाहिलेल्या बहुतेक आया पैशापेक्षा घरच्या लेकरांसाठी अडलेल्या असायच्या.

आता ताटाकडे येते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण मिळून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा हक्क लिहिला गेला. कुपोषित मुलासाठी ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. २०२३ मध्ये कायद्याच्या शेवटी जोडलेला हा तक्ता, म्हणजे अनुसूची, बदलली आणि लोह, कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वं यांचीही मोजदाद सुरू झाली. आदेशासोबत मिळालेला पाककृतींचा तक्ता भिंतीवर लावा आणि तोच पाळा. पण ५०० म्हणजे नेमकं किती अन्न, हे हाताला कळल्याशिवाय तक्ता कामाचा नाही, म्हणून एक दिवस मांडून दाखवते.

एका मुलाच्या खिचडीत तांदूळ ५० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, तेल ८ ग्रॅम. हे झाले सुमारे ३१५ किलोकॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं. नाश्त्याला एक लाडू: भाजलेले शेंगदाणे १५ ग्रॅम, फुटाणे १५ ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम. त्याचे जवळजवळ २०० किलोकॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिनं. दोन्ही मिळून ५०० च्या थोडं वर आणि प्रथिनं १५. म्हणजे ४० मुलं हजर असतील तर दोन किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, ३२० ग्रॅम तेल, आणि दाणे, फुटाणे, गूळ प्रत्येकी ६०० ग्रॅम. हे आकडे स्वयंपाकघरात खडूने लिहा. वजनकाटा नसेल तर पहिल्या दिवशी किराणा दुकानात वजन करून घ्या आणि आपल्याच एका डब्यावर खूण करा, म्हणजे रोज डब्याने मोजता येईल. अंदाजाने घातलेली डाळ महिनाभरात हळूहळू कमी होत जाते. कोणी चोरतं म्हणून नव्हे, हातच आखडता होतो.

इथेच ८ रुपयांची अडचण येते. हा दर २०१७ साली सहा रुपयांवरून आठ केला गेला, सॅम मुलासाठी १२. त्यात केंद्र आणि राज्य निम्मं-निम्मं भरतात. त्यानंतर डाळ, तेल, गॅस कुठे गेले ते तुम्हाला मी सांगायला नको. वर मांडलेलं ताट रोज तूरडाळीचं केलं आणि सगळं सुटं किरकोळीत आणलं तर ते ८ च्या वर जातं, हे मी मान्य करूनच पुढे बोलते. आधी करारनामा वाचा. ८ मध्ये इंधन आणि शिजवणाऱ्या बाईची मजुरी धरली आहे की ती वेगळी मिळणार, हे लेखी विचारून घ्या. यातच निम्म्या गटांचा पहिला महिना फसतो.

मग काटछाट कुठे करायची? सगळेजण पहिल्यांदा तेल आणि दाणे कमी करतात, कारण तेच महाग. आणि तिथेच ताट मरतं. पाच ग्रॅम तेलाचे ४५ किलोकॅलरी होतात. तेवढ्यासाठी एरवी आणखी दोन-तीन घास भात घालावा लागतो, आणि तो त्या पोटात मावत नाही. त्यापेक्षा तयार मसाल्याची पाकिटं बंद करा, बिस्किटं तर आणूच नका. तूर रोज नको. मसूर, मूग, मटकी, चवळी फिरवत राहा. उसळ मोड आणून केली की मुलं खातात आणि चुलीवर वेळही कमी लागतो. दिवाळीनंतर गावात नवी शेंग येते तेव्हा गटाने मिळून पोतं घ्या, उन्हात कडक वाळवा. भाजीला अंगणवाडीच्या मागे शेवगा लावा. मी माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या भागात, २२ ठिकाणी लावायला लावला होता, त्यातला १३ ठिकाणी टिकला. बाकीच्या ठिकाणी शेळ्यांनी खाल्ला, तेव्हा कुंपण आधी करा. शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून उकळत्या डाळीत टाकला की मुलांना वेगळा लागत नाही. वरून लिंबू पिळा, त्याने पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

तुमचा गट आदिवासी प्रकल्पात येत असेल तर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेची अंडी किंवा केळी महिन्यातून १६ दिवस मुलांना मिळायला हवीत. तो पैसा वेगळा आहे, तुमच्या ८ रुपयांत तो मिसळू देऊ नका. अंडं उकडून सोलून हातात द्या आणि समोर खायला लावा. घरी नेलेलं अंडं तीन तोंडांत वाटलं जातं. आईला दोष देता येत नाही, पण ते या मुलाच्या नावचं आहे.

मुलं अर्धं टाकतात, याची कारणं मी ताटात शोधायची, मुलात नाही. तीन वर्षांच्या मुलाचं पोट एका वेळी दोन लहान वाट्यांपलीकडे घेत नाही. तुम्ही त्याला पातळ खिचडी दिलीत तर अर्धी वाटी पाण्यातच गेली. डाव उपडा केल्यावर ढीग राहिला पाहिजे, इतकी घट्ट आणि मऊ हवी. दुसरं कारण तिखट. स्वयंपाक करणारी बाई आपल्या जिभेने चव घेते. तिला मोठ्यांच्या चवीचं हवं असेल तर मुलांचं आधी काढून मग फोडणी द्या. तिसरं कारण वेळ. मी एका अंगणवाडीत सलग आठ दिवस सकाळपासून बसले होते. नाश्ता साडेअकराला आणि जेवण साडेबाराला, असं चाललं होतं, कारण बाई दोन्हींचं एकदम करून आणायची. लाडू खाल्लेलं पोर तासाभरात खिचडी कशी खाणार? नाश्ता मुलं आल्या-आल्या दिला आणि जेवण दीड-दोन तासांनी, एवढाच बदल केला. टोपात उरायचं ते निम्म्याहून कमी झालं.

आणि वाढण्याची रीत. पहिल्यांदा थोडं वाढा, मग दुसऱ्यांदा विचारा. भरलेलं ताट बघून लहान मूल दबतं. त्या आठ दिवसांत एक मुलगा माझ्या लक्षात राहिला. चार वर्षांचा असेल. तो वरवरचा भात बोटाने उचलायचा, डाळ ताटाच्या कडेला सारायचा आणि ताट सरकवून मोकळा. मदतनीस म्हणायची, हा असाच आहे. मी त्याच्या शेजारी बसले. त्याचे पुढचे चारही दात किडलेले होते, वाळलेली शितं त्याला टोचायची. खिचडी गरम असताना त्याची वाटी वेगळी घोटून द्यायला लागलो तर तो दुसऱ्यांदा मागायला लागला. तुमच्या दोन्ही अंगणवाड्यांत मदतनीस आहे. वाढताना तिने उभं राहायचं नाही, मुलांच्या ओळीत बसायचं, एवढं तिच्याशी बोलून घ्या.

पहिले पंधरा दिवस उरलेलं अन्न मोजा. सगळ्या ताटांतलं एका भांड्यात गोळा करा, वजन करा, वहीत लिहा आणि समोर त्या दिवशी काय केलं होतं ते लिहा. पंधरा दिवसांत तुम्हाला कळेल की तुमच्या गावची मुलं काय खातात. माझ्या भागात उपमा रोज उरायचा आणि नागलीची गुळाची पेज कधी उरली नाही.

हजेरीबद्दल जे सांगणार आहे ते माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पाड्यावर मी दर महिन्याला हजेरीपटावर सही करायची. पट ३८, हजेरी रोज ३६, ३७, ३८. एकदा बाजाराच्या दिवशी वाटेत होते म्हणून न कळवता गेले. सतरंजीवर १४ मुलं होती. विचारलं तर कळलं, सहा मुलं दिवाळीपासूनच आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेलेली आणि त्यांची हजेरी रोज लागत होती. मुलं हजर दाखवायची म्हणजे वजनंही दाखवावी लागतात, तेव्हा वाढीच्या तक्त्यावर त्यांची वजनंसुद्धा अंदाजे भरलेली. पावसाच्या तोंडावर ती कुटुंबं परतली. त्या सहांपैकी एका मुलीला मी उचललं तेव्हा तिच्या बरगड्या माझ्या बोटांत आल्या. कागदावर ती सहा महिने रोज जेवली होती आणि तिचं वजन वाढलं होतं. त्या प्रत्येक महिन्याखाली माझी सही होती. त्यानंतर मी न मोजता सही केली नाही.

तेव्हा तुमच्यावर पट पूर्ण दाखवायचा दबाव येईल. कधी सेविकेकडून, कधी वरून, कधी गटातूनच, कारण बिल हजेरीवर निघतं. जितकी मुलं जेवली तितकीच लिहा. आता २०२१ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर रोजची हजेरी भरावी लागते, त्यामुळे वही आणि मोबाइल जुळले नाहीत तर अडकणार तुमचंच बिल. स्थलांतर झालेल्या मुलाचं नाव ट्रॅकरवरून तो गेला तिथल्या अंगणवाडीत हलवता येतं, म्हणजे तिथे त्याचा आहार सुरू होऊ शकतो. सेविका ते करते की नाही, तुम्ही विचारा. तुम्हाला तो हक्क आहे. हे काम तुमच्या गटाकडे मेहेरबानीने आलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितलं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळं यांनाच शक्यतो ते काम द्यावं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच निविदेच्या अटी मोठ्या पुरवठादारांना झुकतं माप देणाऱ्या ठरवून त्याच न्यायालयाने रद्द केल्या, तेही एका महिला बचत गटाच्या अर्जावर. कोणी टक्का मागायला आलं तर हे लक्षात ठेवा आणि एकटीने बोलू नका, गटाची बैठक लावून तिथे बोलायला लावा.

चवीचा नियम कोणासाठीही मोडू नका. मुलांना वाढण्याआधी अर्धा तास शिजवणारी, सेविका आणि गावातली एक आई, अशा तिघींनी खायचं आणि वहीत सही करायची. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेचं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. तेलात कीटकनाशक होतं. मुलांनी चव वाईट लागते असं सांगितलं होतं. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात औषधाचा रिकामा डबा धुऊन वापरायची सवय आहे, म्हणून आहाराचं तेल फक्त ज्या डब्यात आलं त्याच डब्यात ठेवा. शेंगदाणा कडवट लागला किंवा त्यावर हिरवट-काळी बुरशी दिसली तर तेवढे दाणे निवडून बाकीचे वापरू नका, तो सगळा लॉट टाकून द्या. पावसाळ्यात लाडू दोन दिवसांपेक्षा जास्त दिवसांचे एकदम करू नका. पाण्याच्या पिंपाला ओगराळं ठेवा, मुलांचे हात आत जाता कामा नयेत. एवढं सांभाळलं की बरंचसं होतं.

तुम्ही विचारलं नाही, पण सांगायलाच हवं. शिजवणारी बाई कुठल्या घरची, यावरून गावात कुजबुज होईल. मध्यान्ह भोजनाच्या २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने स्वयंपाकिणींच्या नेमणुकीत दलित आणि आदिवासी बायकांना प्राधान्य द्यायला सांगितलं आहे, आणि अंगणवाडीतही आपण त्याच रीतीने चालावं असं माझं ठाम मत आहे. माझ्या एका गावात एका वस्तीने तीन आठवडे मुलं पाठवली नाहीत. मी कोणाची समजूत घालत बसले नाही. रोज साडेबाराला जाऊन त्या बाईच्या हातचं मुलांच्या ओळीत बसून जेवले, सरपंचबाईंना दोनदा घेऊन गेले, आणि बाई बदलायची नाही एवढं लिहून दिलं. चौथ्या आठवड्यात आधी आज्या नातवंडांना घेऊन आल्या. मुलं वेगळी बसवायची नाहीत आणि घरून ताटं आणायला सांगायची नाहीत, या दोन गोष्टींवर तुमचा गट आधीच एकमताने ठाम असू द्या.

तीन वर्षांखालच्या मुलांचा घरी न्यायचा आहार तुमच्याकडे नाही, पण त्या आया तुमच्या ओळखीच्या आहेत. या आहाराची, म्हणजे टीएचआरची, पाकिटं म्हशीच्या आंबोणात जातात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अंगणवाडीत चूल पेटलेलीच असते, तेव्हा महिन्यातून एकदा त्यांना बोलावून त्याच पाकिटाचा पदार्थ त्यांच्यासमोर तेल घालून शिजवा आणि तिथेच बाळाला भरवायला लावा. सहाव्या महिन्यानंतरच्या दोन वर्षांत जे मूल मागे पडतं, त्याला तुमच्या खिचडीने भरून काढणं फार अवघड जातं.

आता बिल. उशीर होतो, हे खरं आहे. निधी हप्त्याने येतो आणि मधे अनेक टेबलं आहेत. तुमचं महिन्याचं बिल जास्तीत जास्त ४२ मुलं, २५ दिवस, ८ रुपये, म्हणजे ८,४०० रुपये. तीन महिन्यांचे २५,२०० रुपये गटाकडे बाजूला असल्याशिवाय काम सुरू करू नका. नसतील तर बँकेच्या कर्जातून तेवढी रक्कम याच कामासाठी वेगळी काढा. एकाच दुकानदाराकडे उधारी ठेवलीत की भाव तो ठरवतो आणि डाळही तो देईल ती. मी उधारीत बुडालेले चार गट पाहिले. चारही ठिकाणी आधी डाळ पातळ झाली, मग नाश्ता बंद झाला, आणि मग काम गेलं. दर महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत बिल द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. दोन महिने पैसे आले नाहीत तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी द्या, आणि प्रत ग्रामपंचायतीला.

गटाचं खातं दोन सह्यांचं असेल. त्यातली एक सही चुलीसमोर उभ्या राहणाऱ्या बाईची असू द्या. डाळ किती शिल्लक आहे ते तिला माहीत असतं, पैसे किती आहेत तेही तिला कळलं पाहिजे.